साहेब लोणावळ्याहून आले

आमचे साहेब दोन दिवस लोणावळ्याला जाऊन आले. चिक्की आणली नाही. भावनिक बुद्धिमत्ता आणली.

कंपनीने सगळ्या मॅनेजरांना एका रिसॉर्टवर नेलं, डोळे मिटून गोल बसवलं, एकमेकांची स्तुती करायला लावली आणि सोमवारी सर्टिफिकेटसकट पुन्हा आमच्या अंगावर सोडलं. त्याआधी साहेब खेकसायचे. त्यांच्या खेकसण्यात एक सचोटी होती. रजा मागितली की अर्ध्या सेकंदात ‘नाही’. माणूस मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत जागेवर जायचा आणि कामाला लागायचा. सगळा व्यवहार रोखीचा, उधारी नाही.

परवा मी चुलतभावाच्या लग्नासाठी तीन दिवसांचा अर्ज घेऊन गेलो. साहेबांनी लॅपटॉप मिटला. खुर्ची पुढे ओढली. माझ्या डोळ्यांत बघितलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

‘‘तुला आत्ता काय वाटतंय?’’

‘‘सर, तीन दिवस रजा हवी होती. सांगलीला लग्न आहे.’’

‘‘ते कळलं रे. पण आत, आत काय वाटतंय?’’

आत भूक वाटत होती, डबा उघडायची वेळ झाली होती. पण हे उत्तर सर्टिफिकेटात बसणारं नसावं म्हणून गप्प राहिलो. वीस मिनिटं साहेबांनी माझ्या अंतरंगात शोधाशोध केली. शेवटी म्हणाले, ‘‘तुझ्या भावना मी पूर्णपणे समजू शकतो.’’ आणि रजा नामंजूर केली. हेच काम पूर्वी अर्ध्या सेकंदात होत होतं. याला उत्पादकता म्हणत असतील तर म्हणोत.

या भानगडीचं मूळ अमेरिकेत आहे. १९९० साली पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना एका निबंधात मांडली. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं आणि ती घरोघरी पोचली. गोलमन यांनी पुढे नेतृत्वाच्या संदर्भात तिची पाच अंगं सांगितली. आपली भावना ओळखणं, ती आवरणं, कामाची आतून उमेद असणं, दुसऱ्याचं मन जाणणं आणि माणसं सांभाळणं. आमच्या साहेबांना पहिलं अंग उपजतच आहे. आपल्याला राग आलाय हे त्यांना तत्काळ कळतं, आणि पुढच्या क्षणी पँट्रीपर्यंत सगळ्यांना कळतं. अडतं ते दुसऱ्यापाशी.

नुसत्या पहिल्या अंगावर माणूस कुठवर जातो याचा नमुना जगाने डिसेंबर २०२१ मध्ये पाहिला. अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉम या कंपनीचे भारतीय वंशाचे प्रमुख विशाल गर्ग यांनी नाताळ तोंडावर आलेला असताना सुमारे ९०० जणांना एका झूम कॉलवर घेतलं आणि काही मिनिटांत घरी बसवलं. त्याच कॉलवर त्यांनी आपल्या मनाची अवस्थाही सांगितली. मागच्या खेपेला असं करताना आपण रडलो होतो, यावेळी खंबीर राहण्याची आशा आहे, अशा अर्थाचं ते बोलले. ज्यांची नोकरी गेली त्यांनी बहुधा साहेबांना रुमाल द्यायचा होता. पुढे गर्ग यांनी पद्धत चुकल्याची माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाले आणि जानेवारीत परत खुर्चीवर आले. त्या ९०० जणांसाठी अशी काही सोय असल्याचं ऐकिवात नाही.

मग अशी माणसं वर जातात तरी कशी? थोडा दोष आपलाही आहे. टेरेसा अमाबिले या संशोधिकेने १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पुस्तकपरीक्षणं वाचायला दिली. पुस्तक झोडपणारा परीक्षक लोकांना कमी आवडला, पण कौतुक करणाऱ्यापेक्षा जास्त हुशार वाटला. हा प्रयोग अमेरिकेत करायची गरज नव्हती. तिरकस बोलणाऱ्याला विद्वान समजण्याची परंपरा पुण्यात बरीच जुनी आहे, हे मी पुण्यात राहूनच लिहितोय. मीटिंगमध्ये साहेबांनी कुणाची बिनपाण्याने केली की टेबलाच्या त्या बाजूचे लोक ‘माणूस शार्प आहे’ म्हणून माना डोलावतात. बढती तिथेच पक्की होते.

मात्र साहेबांना दुसऱ्याचं मन कळत नाही, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. डायरेक्टर मुंबईहून येतात तेव्हा बघा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला की बजेटचा विषय काढायचा नाही, हे साहेबांना ठाऊक असतं. ‘डियर’ न लिहिता मेल आला की रात्री त्यांची झोप झालेली नाही, हे ते ओळखतात. डायरेक्टरांची मुलगी बारावीला आहे म्हणून फेब्रुवारीतला रिव्ह्यू साहेबांनी आपणहून पुढे ढकलला. एवढी हळवी, एवढी बारीक नजर मी एखाद्या आईतही पाहिली नाही.

आमच्या टीममधल्या एका मुलीचे वडील नऊ दिवस आयसीयूत होते. ती हॉस्पिटलच्या जिन्यात बसून काम करत होती. आठव्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘तू कॅमेरा का बंद ठेवतेस?’’

म्हणजे बुद्धिमत्ता आहे, भरपूर आहे. ती आमच्या सोसायटीच्या पाण्यासारखी आहे. मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढते. खाली येणारा पाइप बसवलेलाच नाही. लोणावळ्याला दोन दिवस मोटरच दुरुस्त करून दिली.

काल एचआरकडून फॉर्म आला. प्रशिक्षणानंतर तुमच्या मॅनेजरच्या वागण्यात काय फरक पडला, मोकळ्या मनाने लिहा, शुक्रवार शेवटची तारीख. नाव लिहिणं ऐच्छिक आहे. एम्प्लॉयी कोड अनिवार्य. मी पाचपैकी पाच दिले. अप्रेझल मार्चमध्ये असतं.