तळ्याकडची खोली

"रिट्रीट म्हणजे माघार," समीक्षक म्हणाले. "लढाईला न जाताच माघार घेणारे आपण पहिलेच."

आमच्या ठाण्यातल्या लेखकमंडळाची ही चौथी बैठक. मंडळात सहा जण. नऊ वर्षं चौथ्या प्रकरणात अडकलेल्या कादंबरीकार वहिनी, एक गझलकार, एक समीक्षक, मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या ताई, बँकेतून निवृत्त होऊन आत्मचरित्राला हात घातलेले खजिनदार आणि मी. घरात लिहिणं होत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. घरात बेल वाजते, कुकर वाजतो, सोसायटीत ड्रिल वाजतं. तेव्हा परदेशात जाऊन आठ दिवस एकत्र राहायचं आणि फक्त लिहायचं, असं ठरलं. "आणि एवढं गेलोच आहोत तर थोडं बघायचं," असं वहिनी हळूच म्हणाल्या. सगळा घोळ त्या 'थोडं'मध्ये होता.

स्वित्झर्लंड हा देश मी सुचवला, हा माझा गुन्हा. मी त्यांना १८१६च्या जून महिन्याची गोष्ट सांगितली. जिनिव्हाजवळ, लेमान सरोवराकाठी कोलोनी गावात व्हिला दिओदाती नावाचं घर आहे. तिथे २८ वर्षांच्या कवी बायरननं मुक्काम ठोकला होता. सोबतीला त्याचा २० वर्षांचा डॉक्टर पोलिडोरी. शेजारच्या घरात २३ वर्षांचा कवी शेली, १८ वर्षांची मेरी आणि तिची सावत्र बहीण. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्यानं आकाशात जे काही फेकलं, त्यामुळे युरोपात उन्हाळा उगवलाच नाही. नुसता पाऊस. मंडळी घरात कोंडली गेली. कंटाळून बायरन म्हणाला, प्रत्येकानं एकेक भुताची गोष्ट लिहू या. दोन्ही थोर कवींनी आपापली गोष्ट अर्धवट टाकली आणि होडी घेऊन सरोवर बघायला निघून गेले. अठरा वर्षांच्या मुलीच्या गोष्टीचा 'फ्रँकेन्स्टाइन' झाला, तो १८१८ साली छापून आला. डॉक्टरच्या हातून 'द व्हॅम्पायर' लिहून झाली, ती १८१९ साली.

या गोष्टीतून ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते उचललं. गझलकारांनी सरोवर उचललं. वहिनींनी व्हिला उचलला. "पाच जणांत दोन घरं म्हणजे माणशी काही फार पडलं नसणार," असं म्हणत खजिनदारांनी भाडं उचललं. पाऊस कुणीच उचलला नाही. उलट ठाण्यात पाऊस सुरू व्हायच्या आत निघायचं म्हणून जूनचा पहिला आठवडा पक्का झाला.

खजिनदारांनी लॅपटॉपवर तक्ता केला. लेखनाची घरं निळी, स्थलदर्शनाची पिवळी. पहिल्या तक्त्यात आठपैकी पाच दिवस निळे होते. मग समीक्षकांना आठवलं की कादंबरीकार नाबोकोव्ह १९६१पासून मरेपर्यंत, म्हणजे सोळा वर्षं, माँत्रोच्या पॅलेस हॉटेलात राहिला. साहित्याशी प्रामाणिक राहायचं तर ते बघायलाच हवं. एक घर पिवळं झालं. चार्ली चॅप्लिन आयुष्यातली शेवटची जवळजवळ पंचवीस वर्षं व्हेवेजवळ राहिला, पिवळं. लावोचे द्राक्षमळे युनेस्कोच्या यादीत आहेत, पिवळं. खजिनदारांच्या सौभाग्यवतींनी इंटरलाकेनमधल्या यश चोप्रांच्या पुतळ्याचा फोटो मागितला, पिवळं. वहिनींनी तर जुंगफ्राउ शिखरासाठी तानाजीच्या आवेशात सांगितलं, "आधी लगीन जुंगफ्राउचं, मग माझ्या कादंबरीचं." हळद लागल्यासारखा तक्ता पिवळा होत गेला. शेवटी प्रत्येक दिवसाच्या तळाशी एक निळी पट्टी उरली. तिच्यात लिहिलं होतं: 'अंधार पडल्यावर लेखन'. तिथे अंधार कधी पडतो, हे मात्र कुणी बघितलं नाही.

मग व्हिसा. शेंगेनच्या अर्जात 'प्रवासाचा हेतू' असं एक कलम असतं. पर्यटन, सांस्कृतिक, वैद्यकीय असे पर्याय. वहिनींनी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, 'कादंबरी पूर्ण करणे'. खजिनदारांनी अर्ज फाडून नवा दिला. "लिहायला आलोय म्हटलं की ते विचारणार, किती दिवस लागतील? नव्वद दिवसांच्या आत संपेल अशी खात्री आहे का तुम्हाला?" वहिनी गप्प झाल्या आणि त्यांनी पर्यटनावर खूण केली.

व्यवसायाच्या रकान्यात 'लेखक' लिहायची हिंमत फक्त गझलकारांनी केली. त्यांचं बँक स्टेटमेंट बघून अर्ज घेणाऱ्या खिडकीतली मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. तीन महिन्यांत एकच जमा होती: दिवाळी अंकाचं मानधन, पाचशे रुपये, तेही दोन दिवाळ्यांपूर्वीच्या अंकाचं. शेवटी त्यांनी मुलाचं हमीपत्र जोडलं. नव्वद युरो फी भरताना सगळ्यांचेच चेहरे फोटोसारखे झाले, म्हणजे न हसणारे. पण विम्याचे कागद आले आणि समीक्षकांची छाती फुगली. शेंगेनसाठी निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी एवढी किंमत केली," असं म्हणून त्यांनी त्या सगळ्या कागदांच्या सहा झेरॉक्स काढल्या.

सामान बांधताना घोडं साजूक तुपाशी अडलं. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. "तूप हा दुधाचा पदार्थ कसा? दुधापासून चार पायऱ्या लांब आलंय ते," असा युक्तिवाद ताईंनी केला. खजिनदारांनी बरणी बाहेर काढली. मेतकूट, थेपले, भाजणी आणि गोडा मसाला आत राहिले. वह्यांना जागा उरली नाही. "लॅपटॉप आहेत की," सगळे म्हणाले.

आमचा मुक्काम सरोवराकाठच्या व्हेवेत होता. तिथे पोचलो तो रविवार होता. स्विस रविवार म्हणजे आपल्याकडची संचारबंदी. दुकानं बंद, रस्ते झाडून ठेवल्यासारखे रिकामे. स्टेशनातलं एक दुकान तेवढं उघडं, तिथून दूध आणि पाव घेतला. भाड्याच्या घरात चार खोल्या होत्या आणि त्यातली एकच सरोवराकडे तोंड करून. तिच्यासाठी वहिनी विमानापासून भांडत होत्या. त्यांना ती मिळाली.

समोर ते सरोवर. आम्ही ठाण्याच्या तलावपाळीच्या काठावर वाढलेली माणसं. संध्याकाळी भेळ खात तलावाला दोन फेऱ्या मारल्या की आमचं जलदर्शन पुरं. हे पाणी पाचशे ऐंशी चौरस किलोमीटर. पलीकडच्या काठावर दुसरा देश आणि त्याचे बर्फाचे डोंगर. गझलकारांनी खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला. बॅटरी चार टक्के. चार्जरची आपली तीन जाड दांड्यांची पिन भिंतीतल्या भोकात शिरेना. समीक्षकांनी विजयी मुद्रेनं 'युरोपचा' म्हणून घेतलेला गोल गरगरीत अ‍ॅडॉप्टर काढला. तोही शिरेना. स्विस सॉकेट षटकोनी खळग्यात बसवलेलं असतं, तीन बारीक भोकांचं. जाडजूड युरोपालाही तिथे प्रवेश नाही, फक्त मोबाइलची सडसडीत दोन काड्यांची पिन आत जाते. आणि अ‍ॅडॉप्टर विकणारं दुकान सोमवारी उघडणार. त्या रात्री सहा मराठी साहित्यिक मोबाइल चार्ज करत बसले. मोबाइल चार्ज झाला की माणूस काय करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

सोमवारी पिना आल्या, पण ऊन पडलं होतं. मंगळवारीही पडलं. जूनमध्ये तिथे सूर्य जवळजवळ साडेनऊ वाजेपर्यंत मावळत नाही. तोवर 'अंधार पडल्यावर लेखन' सुरू कसं करणार? आणि घरमालकांच्या नियमावलीत दुसरंच कलम होतं: रात्री दहानंतर शांतता. म्हणजे गझलकारांना गझल म्हणायला साडेनऊ ते दहा असा अर्धा तास मिळे. त्यात पहिला शेर, म्हणजे मतला व्हायचा, शेवटच्या मक्त्याला पोचेपर्यंत दहा वाजायचे.

दिवस मात्र भरगच्च गेले. व्हिला दिओदाती आता खासगी मालमत्ता आहे. आत जाता येत नाही. शेजारच्या कुरणात उभं राहून आम्ही त्याच्या बंद खिडक्यांकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "इथे राहिले असते तर माझंही झालं असतं." शियाँच्या किल्ल्यात तळघरातल्या एका खांबावर बायरनचं म्हणून दाखवतात ते कोरलेलं नाव आहे, वर काच बसवलेली. "आपल्याकडे सिंहगडावर कुणी नाव कोरलं तर दंड," समीक्षक म्हणाले, "आणि इथे काच! फरक एवढाच, की याला पुढे लिहिता आलं." माँत्रोच्या काठावर फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा मूठ उंचावून उभा आहे. ताईंनी त्याच्याकडे मायेनं बघितलं. "पाचगणीच्या शाळेतला पोरगा हो हा. आपलाच." जुंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटरवर, वहिनींनी एक वाक्य सुचल्याचं जाहीर केलं, पण पेन काढेपर्यंत बोटं गोठली आणि वाक्य गेलं.

तो दिवस ताईंच्या गुडघ्याला भोवला. गुरुवारी त्या घरी थांबल्या. त्याच दिवशी दुपारी एक ते तीन अशी तळघरातल्या धुलाईखोलीची आमची पाळी होती. तिथे इमारतीत सगळ्यांचं मिळून एक मशीन असतं आणि भिंतीवर पाळ्यांचं वेळापत्रक. रेल्वेच्या वेळापत्रकाइतकंच पवित्र. सहा जणांचे कपडे ताईंच्या गळ्यात घालून आम्ही चॅप्लिनच्या घरी गेलो.

संध्याकाळी परतलो तर ताईंच्या हातात अकरा पानं. समीक्षकांच्या विम्याच्या झेरॉक्सच्या कोऱ्या पाठींवर, पेन्सिलीनं. मशीनमधून परदेशी पळून गेलेल्या एका मोज्याची गोष्ट. संपूर्ण.

"अहो, खाली खिडकी नाही, नेटवर्क नाही, मशीन थांबेपर्यंत दार उघडत नाही," त्या म्हणाल्या. "करणार काय दुसरं?"

शुक्रवारी सकाळी वहिनी गुपचूप खाली गेल्या. पाठोपाठ गझलकार. मग आम्ही सगळेच. मशीनसमोर सहा जण मांडीवर लॅपटॉप घेऊन, श्वास रोखून बसलो. वहिनींनी चौथं प्रकरण उघडलं. दहा मिनिटं झाली असतील. दार उघडून एक स्विस आजी कपड्यांची टोपली घेऊन आत आल्या. रिकाम्या मशीनसमोर ध्यान लावून बसलेल्या सहा माणसांकडे त्यांनी एकदा बघितलं. 'बाँजूर' म्हणाल्या आणि भिंतीवरच्या वेळापत्रकावर बोट ठेवलं. पाळी त्यांची होती.

आमचं लेखनशिबिर तिथे संपलं. शेवटचे दोन दिवस आम्ही कसलाही संकोच न ठेवता हिंडलो.

हिशेब असा: माणसं सहा, दिवस आठ, फोटो तीन हजारांच्या वर, साहित्य अकरा पानं. तळ्याकडच्या खोलीत एक ओळ झाली नाही, कारण खिडकीत बसलं की तळं दिसतं. तेव्हा कुणी लिहायला परदेशी निघत असाल तर एवढं ऐका: सडपातळ पिन न्या, वही न्या, पावसाचा महिना बघा आणि खोली मागच्या अंगाची मागा. ती स्वस्तही पडते.

ताईंची गोष्ट यंदाच्या एका दिवाळी अंकात येते आहे. मानधनाचं अजून कळलेलं नाही.