श्रावणीचं लास्ट सीन

(सांगली, विश्रामबाग. दोन बंगल्यांमधली कमरेएवढी भिंत. सकाळचे साडेअकरा. डबे गेलेत, धुणं वाळत पडलंय, कुकर अजून लावायचाय.)

"सुनीता, कळलं का? पाटलांच्या श्रावणीनं लास्ट सीन बंद केलंय."

"म्हणजे काय हो काकू?"

"अगं, व्हॉट्सॲपवर दिसतं ना, माणूस शेवटचं कधी येऊन गेलं ते. शुभांगी पहाटे उठली की देवाच्या आधी तेच बघायची. दोन-चाळीस. तीन-दहा. आणि सात वाजता पुण्याला फोन, रात्री तीनपर्यंत काय करत होतीस गं? पोरीनं थोडे दिवस ऐकून घेतलं आणि मग खटकाच बंद केला."

"अगंबाई! मग शुभांगीताई?"

"आली की माझ्याकडं. काकू, तुमच्या फोनवर दिसतंय का बघा."

"दिसत होतं?"

"दिसत होतं! फक्त आईपुरतंच झाकून ठेवलंय. मी आपलं म्हटलं, माझ्याकडं पण नाही दिसत बाई. उगीच आगीत तेल कशाला?"

"पण करते काय ती तीनपर्यंत?"

"शीटा छापते. ड्रॉइंगच्या. दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली टेबललॅम्प लावायचा, काचेवर सीनियरची जुनी शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. खालच्या रेघा वर दिसतात, त्यांच्यावरून पेन्सिल फिरवायची. जीटी म्हणतात त्याला. माझ्या भाच्यानं पंचवीस वर्षांपूर्वी हेच केलं. आता चांगले पूल बांधतोय."

"कुठले ते सांगून ठेवा, तिकडनं जायला नको! म्हणूनच मी ह्यांना म्हणते, रोहनला लांब पाठवायचंच नाही. इथं वालचंद आहे की दहा मिनिटांवर. दुपारी घरी जेवून जाईल."

"वालचंद 1947 सालचं कॉलेज आहे, नावाला तोड नाही. पण कॅप राउंडला तुझं घर कुठं आहे ते थोडंच कळतंय? ती सीईटीचे पर्सेंटाइल बघणार. आणि ऐक, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, मग पुढच्या फेऱ्या नाहीत. तेव्हा पहिल्या नंबरला काय टाकायचं ते घरात भांडून घ्या आधीच. माझ्या वरच्या खोलीत राहतोय ना सोहम, तो कुठला? गुहागरचा. त्याच्या आईला वाटलं होतं का पोरगं सांगलीला जाईल म्हणून? समुद्राकाठचं लेकरू, उसाच्या फडात येऊन पडलं."

"रमला का पण?"

"आत्ता कुठं. पहिल्या दिवशी मेसमध्ये ताटात आधी भाकरी आली, तर हा भाताची वाट बघत बसलेला. भात शेवटी आला, तोवर आमटीच्या तिखटानं डोळ्यांतनं पाणी. मी पाहिलं ना, रात्री नळावर चूळ भरत होता. आणि श्रावणीचं बरोब्बर उलटं. तिला पुण्याच्या मेसची आमटी गोड लागते. तिखट म्हणून जे देतात ते आपल्याकडं बाळंतिणीला चालेल म्हणते. शुभांगीनं कांदा-लसणीच्या चटणीची बरणी दिली होती, महिनाभर पुरेल अशी. खोलीतल्या पोरींनी आठवड्यात फस्त केली. आता ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं पार्सल देतात. चटणी, भडंग, बेदाणे. स्वारगेटला पहाटे पाचला उतरवून घ्यायचं."

"पाचला? आणि ही झोपणार तीनला?"

"लातूरची पोरगी जाते. ती चारला उठते अभ्यासाला. लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच असणार. श्रावणी तीनला दिवा मालवते, ती चारला लावते. मधल्या एका तासात जळगावची झोपते बिचारी."

"एकाच खोलीत तिघी?"

"चौघी. चौथी पुण्याजवळचीच आहे, शुक्रवारी संध्याकाळी घरी पळते. कॉट बेसिस म्हणजे तेच गं. चार कॉट, दोघींत एक कपाट, आणि बाल्कनीत दोरी कोणाची ह्यावरनं महाभारत. खोलीचं भाडं नाही द्यायचं, कॉटचं द्यायचं. वर डिपॉझिट."

"पण मुलींची फी माफ झाली ना?"

"शिकवणीची आणि परीक्षेची. 2024-25 पासून. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, आणि ईडब्ल्यूएस, ओबीसी नाहीतर एसईबीसीमध्ये बसायला पाहिजे. राहण्या-जेवण्याचं त्यात काही नाही. शुभांगीला आधी वाटलं सगळंच फुकट. मग कॉटचं डिपॉझिट भरताना कळलं."

"आणि मुलांना?"

"मुलांना बसेल त्या योजनेत निम्मी. अटी वाचाव्या लागतील. एसटीचं पण तसंच. 2023 च्या मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट, म्हणून श्रावणी निम्म्यात येते-जाते. रोहनला पूर्ण."

"म्हणजे आमचाच तेवढा गुन्हा!"

"मिशा फुटल्यात त्याला, काय करणार. बरं, मेसचं राहिलं. रविवारी दुपारी फीस्ट असते. पुरी, श्रीखंड, मसालेभात, जोरात. आणि संध्याकाळी मेस बंद. पहिल्या रविवारी हिला माहीतच नाही, ही आपली साडेआठला स्टीलचा डबा घेऊन दारात उभी. कुलूप बघून तिथंच पायरीवर बसली आणि रडली. दिवसभर काही वाटलं नव्हतं म्हणे, त्या कुलपानं वाटलं. पण ते आईला नाही सांगितलं, मला सांगितलं. आईला सांगितलं, आज पावभाजी खाल्ली."

"तुम्हाला बरं सांगते सगळं."

"आईला सांगितलं तर आई पुढच्या गाडीनं हजर होईल ना. मी काय, भिंतीपलीकडची. माझे सासरे शिकायला पुण्याला होते तेव्हा वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात वारांना सात घरं मिळायची नाहीत कधीच, मग रिकाम्या वारी माधुकरी, नाहीतर तांब्याभर पाणी. ते सांगितलं मी श्रावणीला. म्हटलं, तुझा एक रविवारच रिकामा आहे. तर म्हणते कशी, काकू, त्यांना स्विगी नव्हतं."

"हुशार आहे!"

"जिभेला आहे. आमचे थोरले भाऊजी मग विद्यार्थी साहाय्यक समितीत राहिले. अच्युतराव आपट्यांनी 1955 ला काढलेली संस्था, खेड्यापाड्यातल्या पोरांसाठी. तिथं कमवा आणि शिका. आपलं ताट आपण घासायचं, झाडायचं, स्वयंपाकघरात हात लावायचा. भाऊजींना घरी पाण्याचा पेलासुद्धा हातात लागायचा. पहिल्या सुट्टीत आले आणि उठून स्वतःचं ताट विसळायला लागले, तर सासूबाईंनी त्यांच्या हातातनं ते हिसकावून घेतलं. माझ्या पोराला मोलकरीण केलं म्हणून दोन दिवस धुसफुस. मला विचारशील तर त्या घरात तेवढाच एक पुरुष बायकोला सुखाचा झाला."

"काका ऐकतायत हं आतनं."

"ऐकू देत. त्यांनी कॉलेज घरात राहून केलंय, म्हणून सांगते."

"मग सोहमचं काय झालं पुढं?"

"त्याचं सुरुवातीलाच अडलं. कॉलेज सुरू झालं आणि गणपती आले. इकडं ते तीन आठवड्यांचं इंडक्शन असतं ना, कॉलेज दाखवतात, ओळखी करून देतात, रॅगिंग करणार नाही म्हणून पोरांकडनं आणि आई-बापांकडनं लिहून घेतात. हा पठ्ठ्या त्यात चारच दिवस होता. गणपतीला कोकणी माणूस गावाला गेला नाही तर गणपती त्याला शोधत सांगलीला येतील. परत आला तोवर वर्गात सगळ्यांचे गट पडून गेलेले. मग दर शनिवारी घरी. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. रात्री पोचायचा, आईच्या हातचा भात आणि सुरमई खायची, झोपायचं, आणि दुपारी परत बॅग उचलायची."

"मग काय वाईट आहे? घरचं तोंड दिसलं की बरं वाटतं."

"मला पण आधी उलटं वाटायचं. म्हटलं असं दर आठवड्याला गेलं तर पोरगं रमणार कधी? पण हा आपोआप पंधरा दिवसांवर आला, मग महिन्यावर. आता म्हणतो, काकू, घाट लागतो. आणि श्रावणी बघ. शुभांगीनं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत यायचं नाही, लगेच आलीस तर मन लागणार नाही. ती मानी, नाही आली. मध्ये ताप आला, जळगावच्या पोरीनं दवाखान्यात नेलं, ते पण उतरल्यावर कळवलं. आणि दिवाळीला आली ती नुसती झोपली. अंघोळीला उठवलं तर बसल्या-बसल्या झोप. बघवत नव्हतं."

"मी पाहिलं तिला चकल्या पाडताना. हात बांधला होता का काहीतरी?"

"फोड! तळहातावर ह्या इथं, बोटांच्या मुळाशी. वर्कशॉप असतं ना पहिल्या वर्षाला. फिटिंगमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा देतात आणि हातात कानस. घासायचा, गुण्या लावायचा, उजेडाकडं धरून बघायचा. फटीतनं उजेड आला की परत घासायचा. दोन तुकडे एकमेकांत घट्ट बसले पाहिजेत. तिचे बसले म्हणे, वर्गात दुसरी. तो तुकडा घेऊन आली होती पर्समधनं. शुभांगी म्हणाली हे काय भंगार, आणि ठेवला बाजूला. मला दाखवायला भिंतीवर आणून ठेवला तेव्हा काय चेहरा होता पोरीचा! मग तिथंच उभी राहून सगळं बोलली. हे आता कुणाला सांगू नकोस हं."

"माझ्या तोंडातनं कधी काही गेलंय का?"

"म्हणून तर सांगते. एम-वनला 30 पैकी 8."

"श्रावणीला? गणितात?"

"तेच तर. इथं वर्गात पहिला नंबर ठरलेला, पेपर तपासताना तिचाच आधी काढायचे. तिथं त्या वर्गात साठ जण, आणि साठही आपापल्या गावात पहिलेच आलेले. मेसचं जेवण, कॉट, ढेकूण, ह्याची सवय होते गं महिन्याभरात. आपण साधे आहोत ह्याची सवय व्हायला वेळ लागतो. आजपर्यंत घरानं, शाळेनं, क्लासनं हुशार-हुशार म्हणून वाढवलेलं. मग 8 मार्क घेऊन कुणाकडं जाणार?"

"पण सीईटीत तर चांगले होते."

"सीईटीत चार पर्यायांतला एक निवडायचा असतो. दोन वर्षं क्लासवाल्यांनी तेच घोटून घेतलं, चुकीचे पर्याय कसे खोडायचे, कुठलं सूत्र कुठं मारायचं. आणि आता कोरा कागद पुढं. पायरी-पायरीनं लिही म्हणतात. सेमिस्टरचा मोठा पेपर तर 70 मार्कांचा. सोहमचं पण तसंच झालं, त्याचे 11. आठ दिवस गच्चीत बसून असायचा. मी शेवटी हाक मारली, म्हटलं लसूण तरी सोल बसल्या-बसल्या. सोलता-सोलता बोलला. म्हणाला, काकू, वर्गात शंका विचारली तर सगळ्यांना कळेल मला येत नाही. म्हटलं, बाबा, त्या बाकीच्यांना येत असतं तर ते पण तुझ्यासारखे गप्प बसले असते का? आता त्याच गच्चीत चौघं येतात. पाढे म्हटल्यासारखे कसले ते मॅट्रिक्स म्हणत असतात रात्री. मला झोप नाही, पण बोलत नाही."

"आणि नापास झालं तर? वर्ष जातं?"

"नाही गं. केटी लागते. तो विषय राहतो आणि पुन्हा देता येतो. जास्त विषय राहिले तरच पुढच्या वर्षाला अडवतात. आमच्या भाच्याला पण लागली होती."

"तो पूलवाला? बरं झालं सांगितलंत!"

"थट्टा कर. तुझ्या रोहनला आत्तापासून काय शिकवायचं ते सांगू? इंटिग्रेशन नको. चादर धुवायला शिकव. श्रावणीनं पांढरी चादर आणि लाल ओढणी एका बादलीत भिजवली, आता चौघी गुलाबी चादरीवर झोपतात. ताप आला तर गोळी किती वाजता घ्यायची ते शिकव. आणि महिन्याच्या वीस तारखेला पैसे का संपतात ते."

"तो काय ऐकतोय. घरात चहाचा कप उचलत नाही."

"भाऊजी पण उचलत नव्हते."

"शुभांगीताईंना ते आठ मार्कांचं कळलंय का?"

"कळलंय, पण श्रावणीकडनं नाही. कॉलेजचा मेसेज पालकांच्या फोनवर येतो. आली होती माझ्याकडं, म्हणाली, काकू, मला माहीत आहे हे तिला सांगू नका. आणि तिकडनं पोरगी म्हणते, आईला सांगू नका. सोहमची आई पण दर बुधवारी गुहागरहून फोन करते, तो जेवतो का, रात्री दिवा कधी मालवतो, आणि शेवटी, मी फोन केला होता हे बोलू नका. निवृत्त झाल्यावर पोस्टात लागल्यासारखं झालंय माझं."

"काकू, मी रोहनचं अजून काही ठरवलेलं नाही हं. ह्यांना पण बोलू नका. पण सहज विचारते, ती श्रावणीची मेस... मुलांना डबा देतात का हो तिथं?"

"देतात. रविवारी संध्याकाळी सोडून."