फौजदार

आमच्या सायकलच्या टोळक्यात एक फौजदार आहेत. पोलीस खात्याशी त्यांचा संबंध आजवर एकदाच आला, तोही लायसन्स घरी विसरले म्हणून. उभा जन्म त्यांनी बँकेत काढला. पण पहाटे नागपूरच्या अंबाझरीजवळच्या चहाच्या टपरीवर कुणीही सायकल उभी केली की हे वाकतात, तिचं टायर चिमटीत धरतात आणि करड्या आवाजात विचारतात, "पीएसआय किती?" पहिल्यांदा हा प्रश्न कानावर पडला तेव्हा टपरीवाल्यानं गॅस बंद करून सिलिंडर पोत्याखाली ढकलला होता. दर चौरस इंचाला हवेचा दाब किती पौंड, त्याला पीएसआय म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला समजावून सांगेपर्यंत आमच्यात नाव पडून गेलं होतं.

फौजदार हा काही दुर्मीळ प्राणी नाही. तुमच्याही कॉलनीत एखादा असेल. त्याची सायकल हॉलमध्ये असते आणि सोफा गॅलरीत. रात्री झोप कशी लागली हे त्याला बायको विचारत नाही, मनगटावरचं घड्याळ सांगतं. सायकलचं वजन कमी व्हावं म्हणून त्यानं घंटी काढून टाकलेली असते आणि मग सेमिनरी हिल्सच्या चढावर फिरायला आलेल्या म्हाताऱ्यांमागे "ओ काका, सरका ना जरा" असं धापा टाकत ओरडत तो जातो. या माणसाला सायकल चालवायला आवडते असा लोकांचा समज आहे. तो तितकासा खरा नाही. त्याला सायकलची तयारी करायला आवडते. चालवणं हे त्या तयारीचं नाइलाजानं येणारं शेपूट.

तर मागच्या दिवाळीत फौजदारांनी जाहीर केलं की, या थंडीत पंधरा दिवस वाळवंटात मुक्काम करायचा आणि रोज वाळूत सायकल मारायची. त्यांच्या डोळ्यांसमोर जैसलमेर होतं. वहिनींच्या मनात मात्र सात वर्षांपासून काशी होती.

"वाळवंटच पाहिजे ना तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या. "मग गंगेचं काऊन नाही चालत? चंद्रभागेच्या वाळवंटात काय उंट फिरतात?"

फौजदारांनी तावातावानं शब्दकोश काढला. शब्दकोश वहिनींच्या बाजूनं निघाला. नदीकाठची वाळू म्हणजेही वाळवंटच. वर त्यांच्या भाच्यानं फोटो पाठवला तो काशीच्या पलीकडच्या काठाचा, आणि त्यात चांगले झुली घातलेले दोन उंट! गंगा काशीला उत्तरेकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या उंच काठावर शहर आणि घाट, आतल्या काठावर पाण्याचा जोर कमी म्हणून नुसती वाळू. पावसाळ्यात ती सगळी बुडते; हिवाळ्यात पाणी उतरलं की घाटावर बसून समोर पाहावं, तर रेतीच रेती. फौजदारांची शेवटची ढाल गेली.

मग आम्ही चौघं, म्हणजे फौजदार, वहिनी, आमचे दाताचे डॉक्टर आणि मी, गाडीच्या टपावर तीन सायकली बांधून निघालो. रस्ता पूर्वीचा सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. वाराणसीहून निघून नागपूरच्या पोटातून कन्याकुमारीला जाणारा. सिवनी, जबलपूर, रीवा. प्रत्येक ढाब्यावर फौजदार टपावर चढून तिन्ही सायकलींची हवा तपासत. बांधलेल्या सायकलीची हवा कुठं जाणार, असं डॉक्टरांनी विचारलं. "उंची बदलते, तापमान बदलते," एवढं बोलून ते पुढच्या चाकाकडे वळले.

उतरायची सोय भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत झाली होती. त्या गल्लीत समोरून गाय आली तर निर्णय गायच घेते. घाट अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला. दगडी प्रचंड वाडा, खालचा भाग किल्ल्याच्या भिंतीसारखा मुका आणि पार वर छोट्या छोट्या खिडक्या. आत लक्ष्मीनारायणाचं देऊळ. फौजदार पायरीवर उभे राहून ऊर भरून म्हणाले, "आपला घाट आहे हा." जणू नागपूरच्या महाल भागातल्या घरातून उठून ते परसात आले होते. मणिकर्णिका, शिंद्यांचा घाट, संकटा घाट असं ओलांडत येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला अडवून त्यांनी तीन दिवस ही मालकी ऐकवली. ग्वाल्हेरकडचे एक गृहस्थ भेटले, ते शिंद्यांचा घाट 'आपला' म्हणत होते. दोघांची अर्धा तास हद्दीवरून बोलाचाली झाली. मग दोघंही मलइयो खायला गेले. हा थंडीतच मिळणारा दुधाचा केशरी फेस. तोंडात घातला की उरतो फक्त वास. दहातले नऊ भाग हवा असलेला पदार्थ फौजदारांना आवडणार नाही तर काय! त्यांनी कुल्हड दाबून पाहिला नाही, एवढंच.

चौथ्या दिवशी धुकं जरा लवकर निवळलं आणि मोहीम निघाली. पूल लांब पडतो. १८८७ चा राजघाटचा पूल, खाली आगगाडी आणि वर मोटारी. त्यावरून फिरून येण्यापेक्षा नाव बरी, असं ठरलं. घाटाच्या पायऱ्यांवरून सायकली खांद्यावर घेऊन उतरण्यातच डॉक्टरांचा व्यायाम संपला. फौजदारांच्या पाठीवरच्या पिशवीत दोन पंप, तीन ट्यूब, चेन तोडायचा आणि जोडायचा असे दोन पाने, हवेचं मापक, मापक बरोबर आहे का ते पाहायला दुसरं मापक आणि वहिनींनी दिलेले मेथीचे पराठे.

नाववाल्यानं सगळं सामान नीट पाहून घेतलं आणि बनारसी सावकाशीनं विचारलं, "तिकडं कशाला, गुरू? पलीकडं मेलं तर माणूस गाढवाच्या जन्माला जातो." ही इथली जुनी समजूत आहे. या काठाला मरण आलं तर मोक्ष, त्या काठाला आलं तर गाढव.

"मग जपून चालवा," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "परत येताना गाढवाचं भाडं वेगळं पडेल."

सायबेरियाकडून आलेले पांढरे पक्षी नावेभोवती शेवेसाठी कलकलाट करत होते. नाववाल्यानं वल्हं मारता मारता दुसरा प्रश्न विचारला. सायकलवाल्याला भारतात सगळीकडे विचारतात तोच. "कितने की है?"

फौजदारांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. "अठारह हजार."

नाववाला हसला. त्याच्या पुतण्याचं काशीच्याच लंका भागात सायकलचं दुकान होतं. "अठारह में तो इसका अगला पहिया आएगा, साहब."

पुढची पाच मिनिटं फक्त वल्ह्याचा आवाज होता. डॉक्टर पक्ष्यांना शेव घालत होते. मी पाण्याकडे पाहत होतो. वहिनी कुणाकडेच पाहत नव्हत्या.

वाळूत सायकल चालवायची तर टायरमधली हवा कमी करावी लागते, म्हणजे टायर पसरतं आणि रुतत नाही. हे शास्त्र खरं आहे. चार इंच रुंदीची टायरं असलेल्या सायकली अगदी सात-आठ पीएसआयवरही वाळूत धावतात. आमची टायरं होती जेमतेम दोन इंचांची. फौजदारांनी काठावर मांडी घालून अर्धा तास हवा सोडली. एकदा जास्त सुटली म्हणून भरली. भरलेली जास्त झाली म्हणून सोडली. मापकांचं आपसात पटेना. शेवटी "अठरा" असा निकाल लागला. आकडा ऐकून वहिनींनी मान वर केली.

मग फौजदार स्वार झाले. पहिले दहा हात ते खरंच गेले. आमच्याकडे वळून हातही केला. त्या हात करण्यात पुढचं चाक फिरलं आणि ते सायकलसकट इतक्या हळूहळू आडवे झाले की, मध्ये एखाद्याचं बोलणं सहज पूर्ण झालं असतं. कोरड्या वाळूत असंच पडायला होतं. लागत नाही, फक्त वेळ लागतो. डॉक्टर त्यांच्या मागे गेले आणि वाळूत बुजलेल्या विटेच्या तुकड्यावर त्यांचं मागचं चाक आपटलं. हवा कमी असली की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्याला सायकलवाले स्नेकबाइट म्हणतात.

"स्नेकबाइट! स्नेकबाइट!" फौजदार आनंदानं ओरडले. तीन ट्यूबा आणल्याचं सार्थक झालं होतं.

तिकडून उंटवाला दोरी घेऊन धावत आला. त्यानं डॉक्टरांना खाली बसवलं, पायजम्याची नाडी काढ म्हणाला आणि "कहाँ काटा?" विचारत पोटरीवर दोरी आवळायला लागला. हा साप ट्यूबला चावलाय हे पटवून देईपर्यंत पोटरी निळी पडायच्या बेतात आली होती. त्याचा उंट मात्र मागे उभा राहून अतिशय तिरस्कारानं आमच्याकडे पाहत होता. वाळूत चालण्याबद्दल त्याचीही काही मतं असावीत.

हे सगळं चाललेलं असताना कटेसर गावाच्या बाजूनं एक दूधवाला आला. काळी, दणकट, चोवीस इंची सायकल, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. तो पाण्याच्या अगदी कडेकडेनं, ओल्या वाळूवरून गाणं गुणगुणत येत होता. ओली वाळू घट्ट असते, हे आम्हाला चौघांनाही ठाऊक होतं. सुचलं कुणालाच नव्हतं. त्यानं आमचा पंप पाहिला आणि थांबला. मागच्या चाकात थोडी हवा भरू का, म्हणाला. फौजदारांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा प्रथमच समाधान दिसलं. "किती पीएसआय?" त्यांनी विचारलं. दूधवाल्यानं पंप मारला, अंगठ्यानं टायर दाबलं, आणखी दोन दट्टे मारले, पुन्हा दाबलं. "बस." आणि गेला.

हे त्यांना फार लागलं. नंतर उरलेले अकरा दिवस फौजदार सकाळी घाटाच्या पायरीवर बसून अंगठ्यानं टायर दाबत, डोळे मिटून आकडा बोलत, मग मापक लावून वहीत फरक लिहीत. अंगठ्याची चूक त्यांनी दोन पीएसआयपर्यंत खाली आणली. वाळूत ते पुन्हा गेले नाहीत. "आधी हे पक्कं होऊ दे," म्हणाले. शेजारी सूर्यनमस्कार घालणाऱ्या एका साधूनं हा कुठला प्राणायाम म्हणून चौकशी केली.

त्या दिवशीच्या सफरीची नोंद मोबाइलमधल्या अ‍ॅपनं केलीच होती. सरासरी वेग ताशी साडेतीन किलोमीटर. पण नावेत बसल्यावर नोंद थांबवायची राहिली, त्यामुळे नकाशावर भोसले घाटापासून थेट गंगेच्या पात्रावरून गेलेली एक ठळक रेघ उमटली, आणि सफरीचा प्रकार 'सायकल'. नागपूरच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. एकानं विचारलं, "पाण्यावर किती ठेवली होती हवा?" फौजदारांनी खुलासा केला नाही. लोकांचा उत्साह कशाला मोडा, असं त्यांचं म्हणणं.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी चौकात जाऊन बनारसी शालू घेऊन आल्या. गर्द जांभळा, भरगच्च जरीचा, दोन्ही हातांनी उचलावा लागावा असा. फौजदारांनी पदर चिमटीत धरून, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि दबकत किंमत विचारली.

"अठराशे," वहिनी म्हणाल्या.