महागाई भत्ता नाकारण्याबाबत

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ अनुदानित शाळेत लिपिक आहेत. साधा, पापभीरू माणूस. त्यांनी परवा मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला. विषय : महागाई भत्ता नाकारण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, शासनाने मंजूर केलेली दोन टक्क्यांची वाढ कृपया माझ्या पगारात मिळवू नये, मुलाचे शिक्षण चालू आहे, कळावे. खाली सही, तारीख आणि सोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी. आयुष्य कारकुनीत गेल्यामुळे यादी विसरत नाहीत.

मुख्याध्यापकांनी अर्ज तीन वेळा वाचला. पगारवाढ मागणारे, बदली थांबवा म्हणणारे, थकबाकी कधी मिळणार म्हणून भांडणारे त्यांनी पाहिले होते. पगार नको म्हणणारा पहिलाच. अर्ज पुढे वेतन पथकाकडे गेला आणि शेरा होऊन परत आला : भत्ता नाकारण्याची तरतूद नाही. बरोबरच आहे. सरकार पैसे द्यायचं ठरवतं तेव्हा ते घ्यावेच लागतात.

हिशेब सांगतो, म्हणजे माणूस वेडा झालेला नाही हे कळेल. मूळ पगार 38 हजार. त्याचे दोन टक्के म्हणजे महिन्याला 760, वर्षाला 9,120. घरातलं एकूण उत्पन्न होतं 7 लाख 94 हजार. ते झालं 8 लाख 3 हजार 120. मुलगा कॅप राउंडमधून एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात लागलेला, खुल्या प्रवर्गातून. शिक्षण शुल्क एक लाख वीस हजार. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर त्यातले निम्मे, म्हणजे साठ हजार, सरकार भरतं. त्यालाच घरोघरी ‘ईबीसी’ म्हणतात आणि जून-जुलैत दोन पालक भेटले की तब्येतीच्या आधी विचारतात, ‘तुमचं ईबीसीत बसतं का?’ यांचं बसत होतं. 9,120 रुपये मिळाले आणि उठलं. आत आले नऊ हजार, बाहेर गेले साठ हजार. मर्यादेच्या वर हा माणूस गेला 3,120 रुपयांनी. सध्याच्या भावात हॉटेलात सहकुटुंब एकदा जेवून आल्यावर जेवढं बिल होतं, तेवढ्याने तो श्रीमंत झाला.

यातली गंमत पुन्हा एकदा सावकाश पाहू या. महागाई वाढली हे सरकारला कळलं. म्हणून सरकारने भत्ता दिला. भत्ता दिल्यामुळे माणूस आठ लाखांवर गेला. आठ लाखांवर गेला म्हणजे त्याला आता मदतीची गरज नाही, असं त्याच सरकारने ठरवलं. फी वाढली ती महागाईमुळेच, असं कॉलेज सांगतं. म्हणजे महागाई कॉलेजला लागू, भाजीवाल्याला लागू, मेसवाल्याला लागू, पगाराच्या पावतीला लागू. फक्त आठ लाखांच्या आकड्याला लागू नाही. हा आकडा 2018 चा. तेव्हा तोळाभर सोनं तीस-बत्तीस हजारांत येत होतं, 2025 मध्ये त्याने लाख ओलांडला. सोन्याचं सोडा, चैनीची वस्तू आहे. महागाई भत्त्याचंच घ्या. केंद्राच्या हिशेबात तो 2018 च्या जुलैत 9 टक्के होता आणि 2025 च्या जानेवारीत 55 टक्के. महागाई इतकी इतकी वाढली हे दर सहा महिन्यांनी लेखी कबूल करायचं आणि आठ लाख मात्र आठ लाखच. एका टेबलावर महागाई मोजणारा साहेब बसतो, शेजारच्या टेबलावर श्रीमंती मोजणारा. दोघांची जेवणाची सुटी एकाच वेळी होत असणार, पण डबा बहुतेक वेगवेगळ्या खोलीत खातात.

अर्ज फेटाळला गेल्यावर आमच्या गृहस्थांनी डोकं चालवलं. भत्ता नाकारता येत नाही, पण बिनपगारी रजा घेता येते. दिवसाचा पगार बावीसशेच्या आसपास. दोन दिवस बिनपगारी राहिलं की 4,400 कमी. उत्पन्न 7 लाख 98 हजार 720. बसलं! म्हणजे मार्चमध्ये दोन दिवस घरी लुंगी नेसून वर्तमानपत्र वाचल्याबद्दल साठ हजार रुपये, दिवसाला तीस हजार. एवढी रोजंदारी चांगल्या वकिलालाही पडत नाही. ही युक्ती जिन्यात कानोकानी पसरली आणि आता बारावीतली मुलं असलेल्या प्रत्येक घरात मार्चचं नियोजन सुरू झालं आहे. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना चार दिवस लागणार आहेत, कारण त्यांच्या मिस्टरांना दिवाळीत बोनस मिळाला. तेव्हापासून त्या बोनसकडे सवत आल्यासारख्या बघतात. दुसऱ्या मजल्यावर फॉल-पिकोची मशीन झाकून ठेवली आहे, कारण आई-वडील दोघांचं उत्पन्न धरतात आणि साडीमागे मिळणारे ते शे-दीडशे रुपये कुणी मोजले तर काय घ्या. तिसऱ्या मजल्यावर मुलाच्या शिक्षणासाठी दहा वर्षं रिकरिंग भरलं होतं, त्याची एफडी केली, तिचं व्याज उत्पन्नात धरलं गेलं आणि शिक्षणासाठी साठवलेल्या पैशाने शिक्षणाची सवलत घालवली. आता ते जोडपं एकमेकांना विचारतं आहे की बचत करायची आयडिया मुळात कोणाची होती. एका बँकेतल्या मॅनेजरने म्हणे सांगितलं की बढती घेऊ नका, पोरगं पास होईपर्यंत क्लार्कच राहा. ऑफिसात ज्याला बढती मिळते त्याच्या टेबलाशी आता पेढे मागायला कुणी जात नाही. लोक खाली मान घालून विचारतात, ‘मुलगा कितवीला आहे हो?’ आणि दहावीला म्हटलं की खांद्यावर हात ठेवतात. अशाने पुढच्या मार्चमध्ये राज्यातली निम्मी कार्यालयं ओस पडतील आणि बाहेर पाटी लागेल : कर्मचारी गरीब होण्यासाठी गेले आहेत, एक एप्रिलला भेटा.

हसून झालं असेल तर आता मला जरा चिडू द्या.

तहसील कचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला पगारदाराला फॉर्म 16 दाखवून काढावा लागतो. फॉर्म 16 वर रुपया न रुपया छापलेला असतो. घरभाडे भत्ता असतो, प्रवास भत्ता असतो, जो 760 रुपयांचा भत्ता नको म्हणून अर्ज दिला तोही असतो. त्याला खोटं बोलायची सोयच नाही. आणि त्याच सेतू केंद्रात, त्याच रांगेत, आमच्याच भागातला एक कंत्राटदार उभा असतो. दोन डंपर, एक जेसीबी, दारात पांढरी मोठी गाडी. त्याचा दाखला वर्षाला 72 हजारांचा. महिन्याला सहा हजार! अहो, त्या पांढऱ्या गाडीच्या डिझेलला सहा हजार पुरत नाहीत. तलाठ्याने चौकशी केली, जबाब घेतला, स्वयंघोषणापत्र घेतलं, सगळं रीतसर. पोरगं त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, निम्म्या फीवर. ते गाडीने जातं आणि लिपिकाचं पोरगं बसने. मला त्या पोराबद्दल काही म्हणायचं नाही, शिकू दे. पण या राज्यात गरीब ठरायचं असेल तर पगार नसावा लागतो, डंपर असले तरी चालतात, हे एकदा नियमात लिहून टाका. निदान आम्ही डंपर घेऊ.

‘मग कर्ज काढा की’ असं सांगणारे असतातच. काढतो. पण व्याजावर अनुदान हवं तर उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावं लागतं. निवडक संस्थांसाठी व्याजात तीन टक्क्यांची सवलत देणारी योजना आली, तिचाही दरवाजा आठ लाखांवर बंद. म्हणजे हा 3,120 रुपयांचा श्रीमंत सगळ्या खिडक्यांवरून परत येतो आणि पूर्ण व्याजाचं कर्ज घेतो. जे ईबीसीत बसतात त्यांनाही प्रवेशाच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी ‘आधी पूर्ण भरा, सरकारकडून आले की परत देऊ’ असं ऐकावं लागतं. त्या परत देण्यावर वेगळं सदर लागेल.

माझा खरा राग पुढेच आहे. सरकारला हे टोक बोथट करता येत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. करता येतं. केलेलं आहे. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही. आता कुणाचं उत्पन्न बारा लाखांच्या वर 3,120 रुपयांनी गेलं तर? टप्प्यांप्रमाणे कर होतो 60,468. तिथे मात्र सरकारचं काळीज हललं. एवढ्याशा जादा कमाईसाठी साठ हजार घेणं अन्याय होईल, म्हणून कायद्यातच सोय केली : जेवढं जादा कमावलं त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. 3,120 भरा, वर सेस भरा, घरी जा. याला मार्जिनल रिलीफ म्हणतात. तोच 3,120 चा आकडा, तोच साठ हजारांचा खड्डा. बारा लाखवाल्याला खड्ड्यावर फळी टाकून दिली आणि आठ लाखवाल्याचा कडेलोट. बारा लाखांपर्यंत तुम्ही इतके सामान्य की कर नको, पण आठ लाखांच्या पुढे इतके श्रीमंत की मदत नको. मधल्या चार लाखांत राहणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हे अजून कुठल्या परिपत्रकात आलेलं नाही.

मर्यादा वाढवा, असंही मी म्हणत नाही. दहा लाख केली तर दहा लाख तीन हजारवाला अर्ज घेऊन उभा राहील. उतार करा, एवढंच मागणं आहे. आठ लाखांच्या वर जेवढे जातील तेवढी सवलत कमी करा. आमच्या लिपिकाला साठ हजारांऐवजी 56,880 द्या, तो आनंदाने घेईल आणि मार्चमध्ये कामावर येईल. गणित पाचवीच्या पोराला जमेल असं आहे.

तरी ते होणार नाही. उतार करायचा म्हणजे प्रत्येक घरात नेमके किती रुपये येतात हे बघावं लागतं. नुसतं ‘आठच्या आत’ की ‘आठच्या बाहेर’ एवढा शिक्का पुरत नाही. आणि एकदा नेमकं बघायला बसलं, की पहिल्यांदा डंपर मोजावे लागतील. त्यापेक्षा लिपिकाचे 760 मोजणं किती सोपं. ते तर सरकारनेच दिलेले असतात.