रांगेत उभी अमेरिका

॥ श्री ॥

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१८ फेब्रुवारी १९७४

ती. अप्पा व ती. सौ. आई यांस कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. ‘अमेरिकेत पेट्रोलला रांगा लागल्यात ही बातमी खरी, की पेपरवाल्यांच्या पुड्या?’ असं अप्पांनी विचारलंय. अप्पा, अगदी खरी. तुमचे जावई शुक्रवारी पहाटे पाचला अंगात दोन स्वेटर, वर कोट, कानाला मफलर आणि हातात चहाचा थर्मास अशा थाटात बाहेर पडले, ते साडेआठला परतले. पेट्रोल किती मिळालं म्हणाल, तर तीन डॉलरचं. पंपवाला त्यावर एक थेंब द्यायला तयार नाही. त्यातलंही बरंचसं रांगेतच जळलं असणार, कारण बाहेर बर्फ, आणि हीटर हवा तर इंजिन चालू पाहिजे.

आज सम तारीख, म्हणून आमच्या गाडीची एकादशी. ब्रेंडन बर्न नावाचे नवे गव्हर्नर गेल्या महिन्यात आले आणि त्यांनी या महिन्यात फर्मान काढलं, की गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेलाच पेट्रोल मिळेल, सम असेल तर सम तारखेला. आमचा नंबर विषम निघाला. शेजारच्यांच्या दोन गाड्या, एक सम आणि एक विषम. असं भाग्य पत्रिकेतच असावं लागतं.

अप्पांना कारण लागतं, म्हणून सांगते. ऑक्टोबरात इजिप्त-सीरिया आणि इस्रायल यांची जुंपली. अमेरिकेने इस्रायलला शस्त्रं पुरवली, तेव्हा अरब चिडले आणि त्यांनी अमेरिकेला तेल द्यायचंच बंद केलं. शिवाय भाव वाढवले ते वेगळेच. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास पडणारं तेल जानेवारीपासून साडेअकराच्या वर गेलंय. पंपावर गॅलनला चाळीस सेंटांच्या आत मिळायचं, ते आता पन्नास ओलांडून बसलंय. तुमच्याकडे वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, हे इथे पेपरात वाचून ह्यांनी गॅरेजकडे बघत एक सुस्कारा सोडला. आमची ही आठ सिलिंडरची स्टेशन वॅगन! घेतली तेव्हा त्यांनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. गॅलनला बारा मैल देते, तेही उतारावर.

पण मला खरी मौज वाटते ती रांगेची. अप्पा, या लोकांना रांगेत उभंच राहता येत नाही हो! चंद्रावर जाऊन आले, पण रांगेत ‘शेवटचे कोण?’ एवढं विचारायचं त्यांना ठाऊक नाही. जो तो आपल्या गाडीत काचा वर करून बसतो. मधेच कोणी घुसलं की नुसता हॉर्न वाजवतो, उतरून भांडत नाही. टाकी पाऊण भरलेली माणसंसुद्धा जिवाच्या धास्तीने दिवसाआड रांगेत येतात आणि डॉलरभर पेट्रोल ओतून घेऊन जातात. रांग वाढते ती त्यांच्यामुळे. आपल्याकडे असा मनुष्य चारचौघांत उघडा पडला असता.

आमच्या ह्यांचं बालपण गिरगावच्या चाळीत गेलेलं. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवायचा, शाळेत जाऊन यायचं, नि डबा आपल्याच जागी उभा असायचा. डबा नसला तर दगड चालायचा. दगडालाही मान होता. ती सगळी विद्या अमेरिकेत वाया गेली असं मी समजत होते. शुक्रवारी मात्र भांडण लागलं, तेव्हा हे गाडीतून उतरले, लिफाफ्याच्या पाठीवर गाड्यांचे नंबर क्रमाने लिहिले आणि एकेकाच्या काचेवर टकटक करून ज्याला त्याला त्याचा क्रमांक सांगून आले. पहिल्याने काच उघडण्याऐवजी दार आतून बंद करून घेतलं. पण अर्ध्या तासात घुसखोरी थांबली. पुढच्या भल्यामोठ्या कॅडिलॅकवाल्याने तर ह्यांना विचारलं, तुम्ही भारतात सैन्यात होता का? ह्यांनी नुसती मान हलवली. ती होकाराने की नकाराने, हे त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही.

टंचाईचं एक एक बघते आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मटण-बीफ महागलं म्हणून इथल्या बायकांनी आठवडाभर मांसावर बहिष्कार घातला. दुकानांपुढे पाट्या घेऊन उभ्या राहिल्या. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्याबाई रांगणेकर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्याचीच ही आवृत्ती, फक्त लाटणी नव्हती. शेजारीण मोठ्या त्यागाने मला म्हणाली, आम्ही आठवडाभर भाज्यांवर राहतोय. मी काय बोलणार? आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तेच चालू आहे.

अप्पा, हा पुढचा भाग जेवायच्या आधी वाचू नका. डिसेंबरात जॉनी कार्सनने टीव्हीवर एक विनोद केला. हा गृहस्थ रात्री साडेअकराला लोकांना हसवून झोपवतो. विस्कॉन्सिनच्या एका काँग्रेसमनने सरकारी कागदाच्या तुटवड्याबद्दल काही म्हटलं होतं, त्यावरून कार्सन म्हणाला, आता संडासच्या कागदाचीही टंचाई येणार. झालं! दुसऱ्या दिवशी बायाबापड्या दुकानांवर तुटून पडल्या. आमच्या दुकानातलं अख्खं शेल्फ दुपारपर्यंत रिकामं. टंचाई नव्हतीच, पण सगळ्यांनी घेऊन ठेवल्यावर झाली. कार्सनने नंतर टीव्हीवरून खुलासा केला, तरी शेजारणीच्या तळघरात अजून भिंतभर गठ्ठे रचलेले आहेत. आमच्या घरात मात्र संपूर्ण शांतता. आईने विमानतळावर हट्टाने बॅगेत कोंबलेला पितळी तांब्या अजून कामावर आहे.

मुलांची शाळा काळोखात भरते. वीज वाचावी म्हणून सरकारने ६ जानेवारीपासून, ऐन हिवाळ्यात, घड्याळं एक तास पुढे केली. चिरंजीव सकाळी हातात टॉर्च घेऊन बसच्या थांब्यावर जातात. संध्याकाळी वाचवलेली वीज आम्ही सकाळी पुरेपूर जाळतो. घर ६८ अंशांवर ठेवा असा निक्सनसाहेबांचा उपदेश आहे. आपल्या मापाने हे वीस झाले, म्हणजे पुण्यातली थंडी. पण इथले लोक असे कुडकुडतात, की धाकटीच्या वर्गातल्या मैत्रिणी आमच्याकडे गोधडी बघायला येऊन गेल्या.

आता तुमचा निक्सन. बांगलादेशच्या लढाईत त्याने सातवं आरमार बंगालच्या उपसागरात पाठवलं, तेव्हापासून तुम्ही त्याचा फोटो असलेला पेपर रद्दीच्या गठ्ठ्यात पालथा घालता, हे मला माहीत आहे. म्हणून सविस्तर लिहिते. गेल्या उन्हाळ्यात वॉटरगेटची चौकशी दिवसा टीव्हीवर थेट आणि रात्री पुन्हा दाखवायचे. सॅम अर्विन नावाचे शहात्तरीचे सिनेटर अध्यक्ष. भुवया सतत वरखाली, बायबल आणि शेक्सपियर तोंडपाठ. साक्षीदाराला असे घोळात घ्यायचे, की बुक्का लावून हाती चिपळ्या दिल्या असत्या तर तुळशीबागेत गर्दी जमली असती. दुपारच्या कौटुंबिक मालिका बुडाल्या म्हणून बायका आधी कुरकुरल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की हे त्याहून रंगतंय.

जुलैत बाहेर पडलं, की निक्सनने आपल्याच कचेरीत गुपचूप टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. टेपा मागवल्या, तर एकीत साडेअठरा मिनिटं नुसती खरखर. त्यांच्या सेक्रेटरी रोज मेरी वुड्स म्हणाल्या, फोन आला, तो घेताना चुकून भलतं बटण दाबलं गेलं आणि पाय पेडलवरच राहिला, त्यात पाचेक मिनिटं पुसली गेली असतील. कसं झालं ते फोटोग्राफरांना बसून दाखवलंही. एक हात मागे लांब फोनवर, दुसरा यंत्रावर, पाय पुढे ताणलेला. या आसनाला योगशास्त्रात नाव नाही. गेल्या महिन्यात तज्ज्ञांनी सांगितलं, की टेप किमान पाच वेळा वेगवेगळी पुसली गेली आहे. उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यू तर ऑक्टोबरातच आयकराच्या भानगडीत राजीनामा देऊन गेले. या ६ तारखेला प्रतिनिधिगृहाने ४१० विरुद्ध ४ मतांनी महाभियोगाच्या चौकशीला मान्यता दिली. ही चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष पीटर रोडिनो आमच्याच न्यू जर्सीतले, न्यूआर्कचे. हे म्हणतात, निक्सन टिकणार. मी म्हणते, जाणार. हरणाऱ्याने महिनाभर भांडी घासायची असं ठरलंय.

भांड्यांवरून आठवलं. सप्टेंबरात ह्यूस्टनला बॉबी रिग्ज नावाच्या पंचावन्न वर्षांच्या जुन्या विंबल्डनवीराने बिली जीन किंगला टेनिस खेळायला आव्हान दिलं होतं. बायकांची जागा स्वयंपाकघरात, हे त्याचं पालुपद. बाई पालखीत बसून मैदानात आल्या. त्यांनी त्याला भेट म्हणून डुकराचं पिल्लू दिलं आणि ६-४, ६-३, ६-३ असं सरळ हरवलं. आमच्या ह्यांनी पहिल्या सेटपर्यंत रिग्जची बाजू घेतली. तिसऱ्या सेटला ते न सांगता उठून चहा करायला गेले. तेव्हापासून रविवारचा चहा तेच करतात.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. तिळगूळ मिळाला, कारण आम्ही चार घरच्या बायका एकाच गाडीत दाटीवाटीने बसून न्यूयॉर्कला लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर कलुस्त्यानच्या दुकानात गेलो. दुकान एका आर्मेनियन गृहस्थाने काढलेलं, पण तूरडाळ, तीळ, हिंग सगळं मिळतं. पेट्रोल चौघींनी वाटून घातलं. वाण म्हणून मी प्लॅस्टिकचे डबे लुटले. गॅलनभर पेट्रोल लुटलं असतं, तर न्यू जर्सीतली समस्त सवाष्ण मंडळी माझ्या पाया पडली असती. टाकीतून रात्री पेट्रोल चोरून नेतात म्हणून झाकणांना कुलपं निघाली आहेत, ती मात्र दुकानात भरपूर मिळतात.

आईने दुष्काळातल्या मिलोच्या भाकऱ्यांचं लिहिलं होतं, लालसर आणि गिळायला जड. ते धान्य इथूनच आलेलं. इथे ते कोण खातं हे मी चौकशी करून शोधलं. गाई, डुकरं आणि कोंबड्या. हे आजीला सांगू नका. तिने ते प्रसाद म्हणून खाल्लं असं ऐकलं होतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या मे महिन्याच्या तिकिटाचं पक्कं करा. मसाले, पापड, कुरडया, ताडपत्री, काहीही आणा, फक्त लोणच्याची बरणी हातात धरून बसू नका. केनेडी विमानतळ इथून जाऊन-येऊन नव्वद मैल. म्हणजे साडेसात गॅलन, म्हणजे दोन पहाटेच्या रांगा. अरब तोवर विरघळले तर उत्तमच, पण भरवसा धरू नये. अप्पा पंचांग काढून बसतीलच, म्हणून आधीच सांगते. राहुकाळ असो, अमावास्या असो, इथे उतरायचं ते विषम तारखेलाच.

तुमची,
बेबी