शेळीविना शेळीकाव्य : नवशिक्यांसाठी

'एक्लॉग', म्हणजे गुराख्यांची कविता, लिहायला बसण्याआधी घरात शेळ्या नाहीत याची खात्री करून घ्यावी. असल्यास विकाव्यात. ज्याला मध्यरात्री उठून फुगलेल्या शेळीचं पोट चोळावं लागतं, त्याला कुरणातली शांतता सुचत नाही. हा काव्यप्रकार रुजवणारा थिओक्रिटस इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, सिराक्यूजचा. गुराख्यांच्या गाण्यांइतकीच टॉलेमी राजाची स्तुतीही त्याने मन लावून लिहिली आहे.

मग शब्द पाठ करावा. ग्रीक 'एक्लोगे' म्हणजे निवडून काढलेला तुकडा. क्रमिक पुस्तकातला आपला 'वेचा' तो हाच. यात ना कुरण, ना पावा. रोमन कवी व्हर्जिलच्या १० कवितांचं पुस्तक 'ब्यूकॉलिका', म्हणजे गुराख्यांचं. त्यातल्या एकेका कवितेला लोक 'एक्लॉगा' म्हणू लागले आणि बिचाऱ्या वेच्याला गोठ्याचा वास लागला.

आता मुख्य कृती : ध चा मा करणे. रानातल्या कवितेचं नाव नुसतं 'निवडक' असावं, हे विद्वानांना पटेना. ग्रीकमध्ये शेळी म्हणजे 'आइक्स', षष्ठीत 'आइगोस'. तेव्हा पहिला स्वर जरा ओढावा, क चा ग करावा. शेळी आपसूक आत येते. १५७९ साली इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरच्या 'शेफर्ड्स कॅलेंडर'मध्ये महिन्याला एक अशा १२ कविता 'एग्लॉग' म्हणूनच छापल्या गेल्या. सोबतच्या टीपकाराने (नाव नाही, नुसतं 'ई. के.') अर्थही दिला : शेरडं राखणाऱ्यांच्या गोष्टी. व्हर्जिलकडे शेरडंवाल्यांपेक्षा मेंढपाळच जास्त बोलतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने थिओक्रिटसला साक्षीला उभं केलं. व्युत्पत्ती चुकली तरी चालेल, पण साक्षीदार ग्रीक हवा, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावं.

विषय? झाडाची सावली, पावा, रुसलेली प्रेयसी, एवढ्यावर भागतं. व्हर्जिलचा पहिला एक्लॉग मात्र सुरुवातीलाच वाचू नये, हात आखडतो. इ.स.पू. ४२ मधल्या फिलिपीच्या लढाईनंतर सैनिकांना वाटायला शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या, त्याची झळ त्या कवितेत आहे. त्यातला गुराखी मेलिबियस घरदार सोडून कळप हाकत निघाला आहे. एक शेळी काही केल्या पुढे येत नाही, तिला तो ओढतोय. ती नुकतीच व्याली आहे, आणि तिची जुळी करडं मागे, उघड्या खडकावर राहिली आहेत.