पुढच्या चाकावरची पडशी

सायकलच्या मागच्या चाकावर सामान ठेवण्यासाठी जो सांगाडा असतो त्याला कॅरिअर म्हणतात. तोच सांगाडा पुढच्या चाकावर चढला की त्याची रॅक होते आणि तिच्याविषयी बोलणाऱ्याचा आवाज गंभीर होतो. कॅरिअर कोणी निवडत नाही. ते सायकलबरोबर येते आणि त्यावर दळणाचा डबा, धाकटा भाऊ किंवा गाडी बंद पडलेला शेजारी, असे जे येईल ते बसते. रॅक मात्र निवडावी लागते. ती निवडणारा गृहस्थ बहुधा चाळिशी ओलांडलेला, गुडघ्याला पट्टा बांधणारा आणि सायकलने लडाखला जायचे ठरवलेला असतो. साताऱ्यात आढळणाऱ्या अशा एका नमुन्याचा, म्हणजे प्रस्तुत लेखकाचा, हा बेत गेली अकरा वर्षे पक्का आहे.

सायकलस्वाराचे बरेचसे वजन मुळातच मागच्या चाकावर पडते. लेखकाच्या बाबतीत ते किती, हा मुद्दा या विवेचनाच्या कक्षेबाहेरचा आहे. सगळे सामानही मागेच लादले तर मागच्या चाकाच्या तारा तुटतात आणि यवतेश्वरच्या घाटासारख्या चढावर सायकल शिंगरासारखी पुढचा पाय उचलू पाहते. म्हणून काही भार पुढे घ्यायचा. घोड्याच्या पाठीवरची पडशी आणि खांद्यावरची कावड यांचे तत्त्व हेच आहे: दोन्हीकडे वजन सारखे आणि जितके खाली तितके बरे. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून कावडी वर नेणाऱ्यांना तोल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. लेखकाला त्यासाठी सतरा व्हिडिओ पाहावे लागले.

पुढच्या रॅकचे मुख्य प्रकार चार. पहिला लो-रायडर. यात चाकाच्या दोन्ही अंगांना, आसाच्या जवळपास पिशव्या लटकतात; वजन खाली राहिल्याने हँडल शांत राहते. अमेरिकेतल्या जिम ब्लॅकबर्न यांनी ऐंशीच्या दशकात ही रचना रूढ केली. दुसरा पाटाचा. चाकाच्या वर सपाट पाट असतो, त्यावर काहीही बांधता येते. पॅरिसमध्ये वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाहणाऱ्यांच्या सायकलींना असा पाट असे. वजन उंचावर गेल्याने सायकल वळणावर हट्टीपणा करते. तिसरा छोट्या पाटाचा, हँडलपुढच्या एका पिशवीला खालून टेकू देण्यापुरता. चौथ्यात रॅकच नसते. चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, दोन्ही पायांना बाटलीच्या पिंजऱ्यासारखे पिंजरे बसवून त्यांत गुंडाळ्या बांधतात. हा प्रकार सर्वांत आधुनिक असून त्यात सर्वांत कमी सामान मावते. आधुनिकतेचे हे लक्षण इतरत्रही दिसून येते.

रॅक घेण्यापूर्वी चिमटा तपासावा. त्याला आसाजवळ आणि मध्यावर आट्यांची भोके आहेत का, ती पाच मिलिमीटरच्या बोल्टची आहेत का, चिमटा कार्बनचा किंवा शॉकअॅब्सॉर्बरचा तर नाही ना, हे आधी पाहायचे आणि मग पैसे द्यायचे. लेखकाने हा क्रम उलटा पाळला. रॅक आली, चिमट्याला मध्यावर भोके निघाली नाहीत. परिणामी एक अख्खा पावसाळा ती रॅक स्वयंपाकघरात राहिली आणि तिच्यावर कुकरची झाकणे निथळत ठेवण्यात आली. घरातल्या जाणकारांच्या मते तिचा एवढा चोख उपयोग त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही.

धातूंत ॲल्युमिनियम हलके आणि पोलाद चिवट. अनुभवी लोक पोलाद घ्या म्हणतात, कारण ते मोडले तर कुठल्याही गावात वेल्डिंग करून मिळते. सातारा-सांगली पट्ट्यात हे शंभर टक्के खरे आहे; उसाच्या ट्रॉल्यांच्या कृपेने वेल्डिंगचे दुकान नाही असे मोठे गाव सापडणे कठीण. चिमट्याला पट्ट्या करून घेण्यासाठी रॅक अशाच एका दुकानात नेली असता तिथल्या मिस्त्रींनी ती उलटीसुलटी करून विचारले, "साहेब, ही किती उचलती?"

"पंधरा किलो." हा आकडा सांगताना लेखकाची छाती किंचित पुढे आली असावी.

मिस्त्रींनी काही न बोलता दाराकडे पाहिले. दारात एक सायकल उभी होती. तिच्या कॅरिअरला घरगुती आकडे होते आणि त्यांना दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरच्या दुधाच्या किटल्या टांगलेल्या होत्या, थेट आसाच्या पातळीला. चाळीस लिटर दूध म्हणजे चाळीस किलोंहून अधिक, किटल्यांचे वजन वेगळे. लो-रायडरचे तत्त्व तिथे रोज पहाटे पाचला घरोघर फिरत होते, आणि त्याला कोणी लो-रायडर म्हणत नव्हते.

मराठी मुलखातल्या सायकलीच्या इतिहासाचा सारांशही याच पट्ट्यात सापडतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सातारा-सांगली रेल्वेमार्गावर ते स्टेशन आजही लागते. यातून मिळणारा धडा असा, की शहाण्या माणसाने सायकलच्या दुकानातून वेळीच बाहेर पडावे.

रॅकची निवड शेवटी सामानावर ठरते. लेखकाच्या यादीत तंबू, स्टोव्ह, पाणी गाळण्याचे यंत्र आणि शून्याखालच्या थंडीची झोपायची पिशवी होती. मराठीत अशा यादीला खोगीरभरती हा नेमका शब्द आहे. प्रत्यक्षात अकरा वर्षांत सायकल लांब अशी एकाच ठिकाणी जाते: सांगलीला, आत्याकडे. अंतर सुमारे १२० किलोमीटर. आणि या मार्गावर सामान दोनच प्रकारचे असते: जाताना कंदी पेढे, येताना भडंग.

या दोन पदार्थांचा भारशास्त्रीय अभ्यास व्हावा तितका झालेला नाही. कंदी पेढा म्हणजे खरपूस भाजलेला खवा. ऐवज घट्ट, साखर बेताची, टिकायला दणकट. एक किलो पेढ्यांचा पुडा दोन तळहातांत मावतो. तो लो-रायडरच्या पिशवीत तळाशी बसवला की सायकल ओळंबा लावल्यासारखी होते. डावीकडे किलो, उजवीकडे किलो, मग हँडल सोडून घाम पुसावा. भडंगाचे नेमके उलट. चुरमुऱ्याचा स्वभावच हवेचा. किलोभर भडंगाची पिशवी उशीएवढी होते, तीन किलोंत गादीचा पाया घातला जातो. ते लो-रायडरला लटकवले तर पिशवीचे पोट चाकाच्या तारांत जाते, दाबून बसवले तर सांगलीचे भडंग साताऱ्यात पीठ होऊन पोचते. त्याला पाटच हवा. पण पाटावर चढवले की ते शिडासारखे वारा धरते. यात निसर्गाची योजना पाहण्यासारखी आहे. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर, सांगली सुमारे ५५०. कृष्णा माहुलीहून कऱ्हाडमार्गे सांगलीला उतरते आणि जड पेढे तिच्याबरोबर उतरतात. हलके भडंग तेवढे चढावर आणायचे. असे असूनही परतीचा प्रवासच लेखकाला जड जातो. याचे खापर तो पश्चिमेच्या वाऱ्यावर फोडतो. आत्याकडे दोन दिवसांत खाल्लेल्या पुरणपोळ्या तो हिशेबात धरत नाही.

तात्पर्य, या मार्गाला खाली लटकवण्याची आणि वर बांधण्याची, अशी दुहेरी सोय असलेली रॅक योग्य. ती मिळते, तीच घ्यावी.

पुढचा भार चालवण्याचेही शास्त्र आहे. हँडल सावकाश वळते, अचानक बाजूला होता येत नाही. गाळप हंगामात हे जाणवते. पेठ नाक्यापासून सांगलीकडे वळल्यावर समोरून आणि मागून ट्रॅक्टर येतात, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, गाणी ठणाणा, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा तर राहोच, लाल कागदाचा तुकडाही नाही. अंधार पडला की रस्त्यात उभी असलेली ट्रॉली उसाच्या वासावरून ओळखावी लागते. यात गंमत काहीच नाही. दर हंगामात माणसे मरतात ती याच अंधारात.

आणि याच रस्त्यावर दिवाळीच्या सुमारास रिकाम्या ट्रॉल्यांतून बीडकडची ऊसतोड कुटुंबे येतात. भांडी, पीठ, सरपण, ताडपत्री, पायाला दोरी बांधलेली कोंबडी, आणि सगळ्यांच्या वर बसलेले एक पोर. पाच-सहा महिन्यांचा संसार तेवढ्यात असतो. भार पुढे किती, मागे किती, हे तिथे कोणी तोललेले नसते. त्या वरच्या पोराने एकदा लेखकाच्या चार रंगीत पिशव्यांकडे बोट दाखवून ओरडून विचारले होते, "काय इकता?" लेखकाला पटकन उत्तर सुचले नाही.

सांगलीला पोचल्यावर रॅकची तपासणी आत्या करते. पहिल्या वेळी तिने चष्मा लावून सगळे नळ, पट्ट्या, बोल्ट पाहिले आणि म्हणाली, "एवढं लोखंड कशाला रे बांधलंस? हँडलला पिशवी अडकवून आला असतास की." लेखकाने वजनाच्या विभागणीविषयी माहिती दिली. ती तिने शांतपणे ऐकून घेतली आणि आत जाऊन पेढ्यांचे पुडे डब्यात रिकामे केले. रिकामी पिशवी परत पाठवायची नाही, हा तिचा नेम रॅकच्या कुठल्याही कोष्टकाला मोजत नाही. चारी पिशव्यांत मग भडंग, हळदीच्या पुड्या, बेदाणे, लिंबाचे लोणचे, लेखकाच्या बायकोसाठी खण, आणि वरच्या पाटावर, दोरीने आवळलेली, तिच्याच जुन्या लुगड्यांची गोधडी. "लडाखला थंडी असते म्हणे," ती म्हणाली. अकरा वर्षांत या बेतावर विश्वास ठेवलेली ती एकटीच.

रॅकची कारखान्याने सांगितलेली भारक्षमता ओलांडू नये, असे सर्व जाणकारांचे मत आहे. नव्या रॅकचे बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, असेही ते सांगतात. ते सांगलीत आवळलेले बरे. परतीचा भार किती असेल, हे साताऱ्याहून निघताना सांगता येत नाही.